वाण्याच्या दुकानापर्यंतचं अंतर

जपानमध्ये १९९१पासून टीव्हीवर एक कार्यक्रम लागतो, ‘हाजिमेते नो ओत्सुकाई’. नावाचा अर्थ साधा आहे: पहिलं काम. तीन-चार-पाच वर्षांचं पोर आयुष्यात पहिल्यांदा एकटं घराबाहेर पडतं आणि सांगितलेली वस्तू दुकानातून घेऊन येतं. कॅमेरावाले वेष पालटून आसपास असतात, पोराला ते ठाऊक नसतं. वाटेत ते काय आणायचं तेच विसरतं, वळणावर रडू लागतं, पिशवी जड झाली म्हणून रस्त्याकडेला बसतं आणि थोड्या वेळाने उठून पुन्हा चालू लागतं. २०२२मध्ये हा कार्यक्रम नेटफ्लिक्सवरून जगभर गेला, तेव्हा अमेरिका-युरोपातल्या पुष्कळ पालकांच्या अंगावर काटा आला. मला मात्र त्यात ओळखीचं काहीतरी दिसलं. मराठी घरातल्या मुलाचं बाहेरच्या जगातलं पहिलं पाऊलही बहुधा वाण्याच्या दुकानाकडेच पडत आलं. मुठीत घट्ट धरलेली नोट, ‘पाव किलो साखर, एक काडेपेटी’ अशी वाटभर घोकणी, आणि उरलेले पैसे मोजून घे म्हणून आईने दोनदा दिलेली ताकीद.

आता ते अंतर कोण चालतं? आठ-नऊ वर्षांच्या मुलांचे आईबाप माझ्याभोवती पुष्कळ आहेत. साखर मोबाइलवरून मागवली की दारात येते. आणि येत नसती तरी मुलाला एकटं खाली पाठवलं नसतं, असं त्यांतले बरेच जण सांगतात. ही माणसं भित्री नाहीत आणि त्यांचे आईबापही बेफिकीर नव्हते. दार आणि दुकान यांच्या मधे जे होतं ते बदललं आहे. काय बदललं, किती बदललं आणि कुणी कुठे ते परत मिळवलं, याचा हा आढावा.

पहिलं नीट मोजमाप इंग्लंडमध्ये झालं. मेयर हिलमन या संशोधकाच्या पुढाकाराने १९७१मध्ये शाळकरी मुलांना आणि पालकांना काही साधे प्रश्न विचारले गेले होते: शाळेत कुणाबरोबर जाता, मोठा रस्ता एकटे ओलांडता का, बसने एकटे जाता का? १९९०मध्ये हिलमन यांनी जॉन अ‍ॅडम्स आणि जॉन व्हाइटलेग यांना बरोबर घेऊन तेच प्रश्न पुन्हा विचारले. सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी १९७१मध्ये ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती. १९९०मध्ये ९ टक्के. एकोणीस वर्षांत एका देशातलं बालपण रस्त्यावरून उठून घरात गेलं होतं.

त्यांच्या पुस्तकाचं नाव ‘वन फॉल्स मूव्ह’. ब्रिटिश वाहतूक खात्याने मुलांसाठी काढलेल्या एका भित्तिपत्रकावरून ते घेतलेलं होतं. एक पाऊल चुकलं की संपलात, असा त्या पत्रकाचा इशारा. मुलांचे अपघाती मृत्यू घटले म्हणजे रस्ते सुरक्षित झाले, असं सरकार सांगत होतं. हिलमन यांनी आकडे उलटे करून दाखवले. रस्ते जास्त धोक्याचे झाले म्हणून आईबापांनी मुलांना तिथून काढून घेतलं, आणि मूलच नाही तिथे अपघात कुणाला होणार? या सगळ्या विषयात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा विचार. मुलांचे मृत्यू कमी होण्याला दोन वाटा आहेत. धोक्याला वेसण घालायची किंवा मुलाला कोंडायचं. आकडा दोन्हीकडे सारखाच खाली येतो.

हिलमन यांचं हे काम पुढे वाढत गेलं आणि २०१५मध्ये लंडनच्या पॉलिसी स्टडीज इन्स्टिट्यूटने सोळा देशांची तुलना प्रसिद्ध केली. ७ ते १५ वयाची अठरा हजारांवर मुलं त्यात होती. फिनलंड पहिला आला. तिथे आठव्या वर्षी बहुसंख्य मुलं मोठा रस्ता ओलांडतात, शाळेतून एकटी घरी येतात, अंधार पडल्यावरही एकटी बाहेर जातात. आणि तिथल्या हिवाळ्यात अंधार दुपारीच पडतो. इटली, पोर्तुगाल आणि दक्षिण आफ्रिका तळाला होते. आपल्या शेजारची श्रीलंका यादीत होती, भारत नव्हता.

आकड्यांपेक्षा एका घराची गोष्ट कधी कधी जास्त सांगते. शेफील्डमधल्या एका कुटुंबाच्या चार पिढ्यांचा हिशोब २००७मध्ये मांडला गेला होता. पणजोबा १९२६मध्ये आठ वर्षांचे होते, तेव्हा मासे धरायला एकटे सहा मैल चालत जात. त्यांच्या पणतवाला आठव्या वर्षी घरापासून तीनशे यार्डांपर्यंत, म्हणजे रस्त्याच्या टोकापर्यंत, जायची मुभा होती. आपल्या घरी जेवताना हा हिशोब मांडून पाहावा. आजोबा कुठवर जात, आई कुठवर जायची, तू कुठवर जातोस? आजोबा आणि आजी यांची उत्तरं वेगळी येतील. त्या फरकाकडे मला शेवटी यायचंच आहे.

मूल बाहेर पडलं तर त्याला खरोखर काय होऊ शकतं, याचा विचार केला की पहिलं उत्तर वाहन हेच येतं. २०२२मध्ये भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती, आणि अठरा वर्षांखालची साडेनऊ हजार. रोजची सव्वीस मुलं. त्यामुळे ‘रस्त्याची भीती वाटते’ असं म्हणणाऱ्या आईला कुणी हसू नये. पदपथावर दुचाक्या लागलेल्या, झेब्रा पट्टे पुसलेले, आणि पट्टे असले तरी त्यांच्यापाशी गाडी थांबवायची सवय कुणाला नाही. अशा रस्त्यावर नऊ वर्षांच्या मुलाला सोडताना छातीत धस्स होणं हा शहाणपणाच आहे.

पण रस्ते असेच असतात हे खरं नाही. ज्या जपानकडे आपण आज थक्क होऊन पाहतो, त्या जपानात १९७०मध्ये रस्त्यांवर १६,७६५ माणसं मेली होती. त्या काळाला तिथले लोक ‘वाहतुकीचं युद्ध’ म्हणत. टोकियोत १९५९पासून शाळेच्या वाटेवर चौकाचौकांत झेंडे घेऊन बायका उभ्या राहू लागल्या. त्यांना ‘हिरव्या मावश्या’ असं नाव पडलं. पुढे पदपथ झाले, सिग्नल झाले, शाळेभोवतालच्या गल्ल्यांत गाड्यांवर बंधनं आली. २०२२मध्ये तिथे मेलेल्यांचा आकडा २,६१० होता. पुष्कळ भागांत गल्लीतली मुलं सकाळी ठरलेल्या ठिकाणी जमतात आणि रांगेने शाळेत जातात; सहावीतली मुलं पुढे आणि मागे, पहिलीतली पिवळ्या टोप्या घातलेली मधे. संध्याकाळी पाचच्या सुमारास अनेक गावांत भोंग्यावरून एक सूर वाजतो आणि खेळणारी पोरं घराकडे वळतात. आपल्याकडे हे काम तिन्हीसांजा करत असत. दिवेलागणीला घरात, एवढा एकच नियम आणि घड्याळाची गरज नाही. टीव्हीवर एकट्याने साखर आणणाऱ्या त्या जपानी पोरामागे साठ वर्षांची अशी खटपट आहे.

नेदरलँड्सची कहाणी जास्त संतापाची आहे. १९७१मध्ये तिथे सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. विक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी त्यांतली एक. त्याने लिहिलेल्या लेखातून ‘बालहत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप आणि मुलं रस्त्यात आडवी पडली, मुलांना खेळायला गल्ल्या बंद करून घेतल्या. डेल्फ्ट शहरात तर काही गल्ल्या अशा आखल्या गेल्या की गाडीला माणसाच्या चालीनेच जावं लागेल. वाटेत झाडं, वळणं, बाकं. अशा गल्लीला ‘वोनएर्फ’ म्हणजे राहतं अंगण म्हणतात आणि १९७६मध्ये तिला कायद्याने मान्यता मिळाली. अंगण हा शब्द त्यांनी रस्त्याला लावला, हे मला फार सुंदर वाटतं. आज डच मुलं सायकलने शाळेला जातात ते त्यांच्या रक्तात आहे म्हणून नव्हे. त्यांच्या आजी-आजोबांनी रस्ता अडवला होता म्हणून.

दुसरी भीती अनोळखी माणसाची. ती रस्त्याच्या भीतीपेक्षा कितीतरी मोठी आणि कितीतरी कमी आधाराची आहे. १९७९च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या बसथांब्याकडे पहिल्यांदाच एकटा निघाला आणि परत आला नाही. पुढच्या काही वर्षांत हरवलेल्या मुलांची छायाचित्रं अमेरिकेतल्या दुधाच्या खोक्यांवर छापली जाऊ लागली. रोज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर एक हरवलेलं मूल. अनोळखी माणसाने मुलाला दूर पळवून नेण्याच्या घटना त्या तीसेक कोटींच्या देशात वर्षाला शंभराच्या आसपास होतात, पण भीती घराघरात पोचली. २००८मध्ये लेनोर स्केनाझी या स्तंभलेखिकेने आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने एकटं घरी येऊ दिलं आणि त्यावर लिहिलं, तेव्हा तिला देशातली सर्वांत वाईट आई ठरवलं गेलं. २०१४मध्ये दक्षिण कॅरोलायनात एका आईला अटकच झाली. ती कामावर असताना तिची नऊ वर्षांची मुलगी बागेत खेळत होती, एवढाच गुन्हा. अखेर २०१८मध्ये युटा राज्याला कायदा करून सांगावं लागलं की मुलाला एकट्याने शाळेत, बागेत, दुकानात जाऊ देणं म्हणजे त्याची हेळसांड नव्हे. टेक्सास आणि ओक्लाहोमाने २०२१मध्ये तेच केलं. आपल्या कायद्यात मुलाने कोणत्या वयात एकटं बाहेर जावं हे कुठेही लिहिलेलं नाही, आणि ते बरंच आहे.

आपल्याकडे ही भीती व्हॉट्सअ‍ॅपवरून आली. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ हा निरोप तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. अनोळखी माणसाची भीती निरुपद्रवी असते, ‘काळजी घेतलेली बरी’ एवढाच तिचा अर्थ असतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी राईनपाडा आठवावा. आपल्या मुलांना आपण ‘अनोळखी’ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवतो ते बहुधा भटके, गरीब, परप्रांतातून आलेले असतात.

मुलांना धोका नाही असं मात्र मुळीच नाही. तो वेगळ्या दाराने येतो. ‘पोक्सो’ हा मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा २०१२चा. त्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असल्याचं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं. प्रमाण शंभरात पंचाण्णवाच्या आसपास. नातेवाईक, शेजारी, शिकवणारे, घरात येणारे-जाणारे. ज्या मुलाला सतत कुणा ना कुणा मोठ्याच्या ताब्यातच दिलं जातं, ते या बाबतीत जास्त सुरक्षित असतं असं मानायला आधार नाही. हरवलेल्या मुलांचे आकडेही नीट वाचायला हवेत. २०२२मध्ये देशात ८३ हजारांवर मुलं हरवल्याची नोंद झाली आणि त्यांत ६२ हजारांवर मुली होत्या. यात घरातून निघून गेलेली आहेत, प्रेमापायी पळालेल्या किशोरी आहेत, आणि कामाच्या किंवा लग्नाच्या आमिषाने नेऊन विकलेलीही आहेत. ही शेवटची गोष्ट भयंकर आहे. पण ती बागेत खेळणाऱ्या मुलाला झुडपाआडून कुणी उचलून नेण्याची गोष्ट नव्हे, आणि तिच्यावरचा उपाय मुलाला खाली न पाठवणं हा असूच शकत नाही.

मग घरात राहिलेल्या मुलाचं नेमकं काय जातं? व्यायाम जातो, हे सगळेच सांगतात. डोळेही जातात. चीनमधल्या ग्वांगझौ शहरात बारा शाळांमधल्या पहिलीच्या मुलांवर एक चाचणी झाली. निम्म्या शाळांनी रोज चाळीस मिनिटांचा जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसू लागलं होतं, उघड्यावर तास घेणाऱ्या शाळांत ३०.४ टक्के. चष्मा लागण्यामागे मोबाइलबरोबरच सूर्यप्रकाशाचा अभावही आहे, हे अजून आपल्या शाळांपर्यंत पोचलेलं नाही. पीटर ग्रे हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ २०११पासून मांडत आले आहेत की मुलांचा मोकळा खेळ घटत गेला तशी त्यांची चिंता आणि खिन्नता वाढत गेली. या दोन रेषा शेजारी-शेजारी धावतात हे खरं. एकीने दुसरीला ओढलं हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्याच काळात परीक्षा बदलल्या, घरं बदलली, फोन आले. तरी ग्रे यांच्या एका मुद्द्यापाशी मी थांबतो, कारण तो आपल्याला परका नाही. लहान-मोठ्या वयाची मुलं एकत्र खेळतात तेव्हा ती जे शिकतात, ते एका वयाच्या वर्गात शिकता येत नाही, असं ते म्हणतात.

याला आपल्याकडे शब्द आहे. लिंबूटिंबू. चार वर्षांचं धाकटं भावंड मागे लागलंच, तर त्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण बाद झालं तरी त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. हा नियम कोणत्याही प्रशिक्षकाने केलेला नाही. मुलांनीच केला, पिढ्यान् पिढ्या पाळला. आणि एके दिवशी ते पोर चिडून सांगतं, ‘मी लिंबूटिंबू नाही’, तेव्हा त्याच्यावर पहिल्यांदा राज्य येतं. ती बढती असते. डाव मांडण्याआधी चकून घ्यायचं, गडी वाटून घ्यायचे, रडी खाणाऱ्याला सांभाळायचं किंवा हाकलायचं, बुटाची नाडी सुटली तर ‘टाइमप्लीज’ मागायचा आणि समोरच्याने तो द्यायचा. लगोरी असो, आट्यापाट्या असो की डबडा ऐसपैस, खेळापेक्षा या वाटाघाटींतच मुलांचा निम्मा वेळ जातो, आणि तोच वेळ मोलाचा आहे. मोठं माणूस शिट्टी घेऊन उभं राहिलं की वाटाघाट संपते. क्रिकेटच्या शिबिरात मूल फलंदाजी शिकतं. चेंडू गॅलरीत गेला तर काकूंकडे मागायला कोण जाणार, हे तिथे शिकवत नाहीत.

नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या धोका-पत्करणाऱ्या खेळांचे सहा प्रकार सांगितले आहेत: उंची, वेग, हत्यारं, पाणी-आग यांसारख्या गोष्टी, झोंबाझोंबी, आणि हरवून जाणं. यादी वाचताना मी मनात आपले खेळ बसवत गेलो. सूरपारंब्यांत उंची, उतारावरच्या सायकलीत वेग, काठीच्या धनुष्यात हत्यार, विहिरीत पाणी, लपंडावात हरवणं. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची आठवण आपण डोळे पुसत काढतो, पण पोहायला जायचं नाही म्हणून लपून बसलेल्या श्यामला फटके देऊन विहिरीवर धाडणारी आईही त्याच पुस्तकातली. विहिरीवर त्याला सांभाळणारे होते, हे तिला ठाऊक होतं.

इथे एक फरक करायला हवा. झाडाची उंची मुलाला दिसते. पाय थरथरतात, ते खालच्या फांदीवर थांबतं. शेततळ्याचा धोका दिसत नाही. वरून शांत पाणी, पण बाजूच्या प्लास्टिकच्या अस्तरावरून एकदा पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. शहराकडेला सोडून दिलेल्या दगडखाणी, पावसाळ्यात झाकण नसलेली गटारं, वीजप्रवाह उतरलेला खांब, हे सगळे न दिसणारे धोके. जुन्नर-शिरूरकडच्या उसात दडलेला बिबट्याही तसाच. तिथल्या आईला ‘मुलाला मोकळं सोड’ असा सल्ला शहरात बसून कुणी देऊ नये. दिसणारा धोका मुलासाठी राखावा आणि न दिसणारा मोठ्यांनी दूर करावा. आपण बहुतेक वेळा उलट करतो. झाडावर चढू देत नाही, आणि शेततळ्याला कुंपण घालत नाही.

महाराष्ट्रात दार आणि दुकान यांच्यातलं हे अंतर कशामुळे वाढलं, याची कारणं शोधताना मला सगळ्यांत मोठं वाटलं ते शाळेचं. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. एक किलोमीटर म्हणजे मुलाच्या पावलांनी वीस मिनिटं. चालत जाण्याजोगंच अंतर. पण शहरात जवळची शाळा आणि निवडलेली शाळा वेगळ्या झाल्या. माझ्याच इमारतीतली मुलं सकाळी निरनिराळ्या व्हॅनमध्ये बसून निरनिराळ्या दिशांना जातात. एकाची शाळा दुपारची, एकीची सकाळची, तिसऱ्याची चाचणी परीक्षा चालू, चौथीचा क्लास. शेजारी राहूनही त्यांचा एकत्र मोकळा असा तासच नसतो. जपानी मुलांची रांग लागते कारण गल्लीतली सगळी मुलं एकाच शाळेत जातात. आपल्याकडे रांग लावायला कुणी उरत नाही, आणि एकट्या मुलाला एकटं पाठवणं हे दहा जणांत मिळून पाठवण्यापेक्षा नेहमीच अवघड असतं. या मुद्द्यावर माझं मत पक्कं होत गेलं आहे. मुलाला मोकळीक एकटे आईबाप देऊच शकत नाहीत. शेजारच्या चार घरांनी दिली तरच ती चालते. तुमचं मूल खाली गेलं आणि मैदानावर कुणीच नसलं, तर ते पाच मिनिटांत वर येणार.

खेड्यात नेमकं उलट घडू पाहतंय. तिथे जिल्हा परिषदेची शाळा अजून वाडीत आहे. पण राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या १४,७८३ शाळा असल्याचं २०२३मध्ये पुढे आलं, आणि त्या एकत्र करून समूह शाळा काढायच्या, मुलांना बसने आणायचं, असा विचार सुरू झाला. शिक्षणाच्या बाजूने त्यावर बोलण्यासारखं बरंच आहे. पण सहा वर्षांचं मूल आज भावंडांबरोबर शेताच्या बांधावरून ज्या शाळेत जातं ती गेली, की त्याचं जाणं-येणं कायमचं कुणा मोठ्याच्या वेळापत्रकाला बांधलं जाईल. त्या चर्चेत या नुकसानीचा उल्लेख मी फारसा ऐकलेला नाही.

जागेचं दुखणं उघड आहे. मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर; केंद्राच्याच शहर-नियोजनाच्या मार्गदर्शनात दहा ते बारा चौरस मीटर धरलेली आहे. त्यातही जागा म्हणजे मैदान असं नाही. बागेत हिरवळीवर पाय ठेवू नका, सोसायटीत क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे, आणि जिथे मनाई नाही तिथे गाड्या लागलेल्या. मोठ्या संकुलांत गाड्यांच्या मजल्यांवर पोडियम असतो. संध्याकाळी तिथे मुलं खरोखरच मोकळी खेळतात, एकटी खाली येतात, वयाने मिसळतात. भिंतीच्या आतलं का होईना, तिथे चाळीच्या चौकासारखं काहीतरी पुन्हा जमतं, आणि त्याकडे नाक मुरडायचं मला कारण दिसत नाही. खंत एवढीच की ते मासिक देखभाल खर्चाच्या पावतीवर मिळतं. शिवाजी पार्क १९२५मध्ये पालिकेने लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा आत येणाऱ्याला पावती विचारली गेली नव्हती.

जुन्या मोकळेपणाच्या आठवणी काढताना आपण एक गोष्ट विसरतो. ती मोकळीक सगळ्यांची नव्हती. गावात मुलाने कुठवर जायचं हे त्याच्या वयावर ठरत नव्हतं, जातीवर ठरत होतं. कोणता पाणवठा, कोणतं देऊळ, कोणाचं अंगण. दया पवारांच्या १९७८च्या ‘बलुतं’पासून पुढच्या दलित आत्मकथनांत मुलांचं गावातलं जे फिरणं दिसतं, ते सुट्टीतल्या भटकंतीसारखं नाही. आणि पुष्कळ मुलं उन्हातान्हात एकटी असत ती गुरांमागे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. आजही बांधकामावर, वीटभट्टीवर, उसाच्या फडाकडेला मुलं दिवसभर मोठ्यांच्या नजरेबाहेर असतात. त्याला स्वातंत्र्य म्हणणं क्रूरपणा होईल. एका मुलाला कुणीच मोकळं सोडत नाही आणि दुसऱ्याकडे बघायला कुणीच नाही, हे दोन्ही एकाच शहरात, कधी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना चालू असतं.

काही शहरांनी वाट काढली आहे. इटलीतल्या फानोत फ्रान्चेस्को तोनुच्ची यांनी १९९१मध्ये ‘मुलांचं शहर’ हा उपक्रम सुरू केला. मुलं एकटी चालू शकतात का, यावरून शहर जोखायचं. स्पेनमधल्या पोन्तेवेद्राने १९९९पासून मधल्या वस्तीतून गाड्या बाहेर काढल्या आणि आता तिथे मुलं पायी शाळेला जातात. ब्रिस्टलमध्ये शेजारी मिळून ठरावीक दुपारी गल्ली बंद करतात आणि मुलांना सोडतात. मुंबईत २०२२मध्ये रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद करून चालणाऱ्या-खेळणाऱ्यांना दिले गेले, पुण्याने लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन केला. एका दिवसाचे हे प्रयोग लोकांना आवडले. पण रविवारची सकाळ रोजच्या शाळेच्या वाटेला उपयोगी पडत नाही. फानो आणि पोन्तेवेद्राने रोजची वाट धरली, फरक तिथे आहे. मनगटावरच्या घड्याळातून मुलाचा ठावठिकाणा कळण्याची सोयही आता आहे. काही आईबापांना त्यामुळे मूल खाली पाठवायचा धीर येतो हे मी पाहिलं आहे. मुलाच्या आसपासचं बोलणं चोरून ऐकू देणाऱ्या घड्याळांवर मात्र जर्मनीने २०१७मध्ये बंदी घातली. ठीकच केलं.

आता आजीच्या उत्तराकडे येतो. या विषयावरच्या आपल्या सगळ्या आठवणी मुलग्यांच्या आहेत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवरून पुणं पालथं घालतो. त्याच्या वयाच्या मुलीला तेव्हा ते शक्य नव्हतं. दहा-अकरा वर्षांची झाली की मुलीचं बाहेर जाणं आक्रसतं, आणि भावाचं नेमकं तेव्हाच विस्तारतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११च्या पुस्तकात मुंबईतल्या बायकांबद्दल दाखवलं आहे की बाईला रस्त्यावर असायला काहीतरी काम दाखवावं लागतं, पिशवी, फोन, लगबग. मुलींना तो धडा फार लवकर मिळतो. बाहेर पडायला कारण हवं. म्हणूनच कारण हातात मिळालं की चित्र किती बदलतं, हे बिहारने दाखवलं. २००६मध्ये तिथे नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात नववी-दहावीच्या वयात शाळेत असणाऱ्या मुलींचं प्रमाण त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, मुलग्या-मुलींतली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. शाळा जितकी लांब तितका फरक मोठा. मुली घोळक्याने सायकलवर जाऊ लागल्या आणि रस्त्यावरच्यांना ते बघायची सवय झाली.

आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत मुलींना सायकली मिळतात, शाळेपर्यंत मोफत बस मिळते. एसटीच्या अहिल्याबाई होळकर योजनेचा पासही आहे. हे सारं शाळेसाठी. मैदानासाठी, नदीसाठी, मैत्रिणीच्या गावासाठी म्हणून कुणी मुलीला सायकल देत नाही. पण शाळा सुटल्यावर तालुक्याच्या रस्त्याला एकदा संध्याकाळी जाऊन उभं राहावं. चौघी-पाचजणी शेजारी-शेजारी सायकली चालवत येतात, रस्ता अडवून, मोठ्याने बोलत. मागून ट्रकचा हॉर्न आला की एका ओळीत होतात, धुरळा खाली बसला की पुन्हा शेजारी-शेजारी. एकीची चेन पडते आणि बाकीच्या थांबतात. दिवेलागणीला अजून अर्धा तास असतो, आणि गाव समोर दिसत असूनही त्यांतली एकही जोरात पायडल मारत नाही.